शून्य कुठे गेले?
पोटप्रश्नांचा पन्नास वर्षांचा इतिहास

जव्हार गावाजवळ शिरपामाळ नावाचे एक मोकळे पठार आहे. सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम येथे पडला होता आणि जव्हारचे राजे विक्रमशहा यांनी येथेच त्यांचे स्वागत केले, असे त्या परिसरात सांगतात. माळाचे नावही महाराजांच्या शिरपेचावरून पडले, अशी समजूत आहे. ती स्वारी जानेवारी १६६४ मधली. कुठे पोचायचे हे ठरलेले होते, पण कोणत्या वाटेने जायचे हा वेगळाच प्रश्न होता. या लेखाचा विषयही, थोड्या निराळ्या अर्थाने, तोच आहे.

काही वर्षांपूर्वी जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतील शिक्षकांच्या एका शिबिरानंतर आम्ही काही जण संध्याकाळी या माळावर बसलो होतो. बोलता बोलता एका शिक्षकांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला. ती संगणकाने छापलेली पाड्यांची यादी होती. ज्या पाड्यांत त्या महिन्यात निम्म्याहून कमी मुलांची वजने घेतली गेली, ते पाडे त्यात होते. "सर, यात आमच्या शाळेखालचा पाडा शोधून दाखवा," ते म्हणाले. आम्ही यादी दोनदा वाचली. तो पाडा नव्हता. "म्हणजे तिथले काम चांगले झाले असणार," आमच्यातले एक जण म्हणाले. शिक्षक हसले. "तिथे महिनाभर एकाही मुलाचे वजन झालेले नाही. ओढ्याला पाणी होते, कोणी गेलेच नाही."

या तालुक्यांत मुलांच्या वजनाची नोंद ही कागदी औपचारिकता नव्हे. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात झालेल्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हा सहज मनात आले की, कोणीतरी आकडे लपवले असावेत. पुढे ती यादी ज्या तरुणाने काढली होती त्याची गाठ पडली. त्याने आपली आज्ञावली मोकळेपणाने दाखवली. त्यात लपवाछपवी कुठेच नव्हती. झाले होते ते एवढेच. त्याने आधी लिहिलेला प्रश्न बरोबर होता, पण उत्तर यायला फार वेळ लागे. वरून तक्रार आली, म्हणून त्याने तोच प्रश्न 'जलद' रीतीने लिहिला. उत्तर झटकन येऊ लागले. मात्र, जिथे एकही नोंद नव्हती ते सारे पाडे यादीतून निघून गेले.

गंमत अशी की, नेमकी हीच चूक १९८२ साली एका नामवंत संशोधकाच्या हातून झाली होती आणि ती उघड व्हायला सुमारे तीन वर्षे लागली. ही हकीकत समजून घ्यायची तर आधी पोटप्रश्न म्हणजे काय ते पाहायला हवे.

काय हवे ते सांगा, कसे आणायचे ते नको

संगणकात साठवलेल्या व्यवस्थित माहितीला डेटाबेस म्हणतात. १९७० पूर्वीच्या डेटाबेसमधून काही शोधायचे तर वाटही आपणच सांगावी लागे. या नोंदीपासून सुरुवात कर, तिथून पुढच्या नोंदीवर जा, अमुक खूण दिसली की थांब, अशा स्वरूपाची. माहितीची मांडणी बदलली की सगळ्या आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत.

जून १९७० मध्ये आय.बी.एम. कंपनीतील एडगर कॉड यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत मांडावी आणि विचारणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे, ते कसे आणायचे हे यंत्राने ठरवावे, असा त्याचा गाभा होता. हे सांगण्यासाठी आय.बी.एम.मधीलच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली 'सीक्वेल' ही भाषा मांडली. पुढे तिचे नाव एस.क्यू.एल. झाले. आज बँका, रेल्वे आरक्षण, शाळांच्या नोंदी या साऱ्यांच्या मुळाशी हीच भाषा आहे.

या भाषेचे एक वैशिष्ट्य म्हणजे प्रश्नाच्या पोटात प्रश्न ठेवता येतो. आपल्या प्रश्नपत्रिकांत पोटप्रश्न असतात, पण ते एकाखाली एक येतात. येथे पोटप्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय बाहेरचा प्रश्न सुटतच नाही. उदाहरणार्थ, 'शाळेच्या सरासरीपेक्षा जास्त गुण मिळवणारी मुले कोणती?' यात 'शाळेची सरासरी किती?' हा पोटप्रश्न आहे. तो एकदाच सोडवला की झाले.

आता थोडा बदल करू. 'स्वतःच्या वर्गाच्या सरासरीपेक्षा जास्त गुण मिळवणारी मुले कोणती?' येथे पोटप्रश्न प्रत्येक मुलागणिक बदलतो. पाचवीतल्या मुलासाठी पाचवीची सरासरी, सहावीतल्यासाठी सहावीची. आतला प्रश्न बाहेरच्या ओळीवर अवलंबून आहे. अशा पोटप्रश्नाला आपण 'परावलंबी पोटप्रश्न' म्हणू. पुढची सगळी हकीकत याच्याभोवती फिरते.

नियोजकाचा जन्म

'कसे आणायचे ते यंत्राने ठरवावे' हे म्हणणे सोपे, करणे अवघड. प्रश्न वाचून तो सोडवण्याची योजना आखणाऱ्या भागाला नियोजक म्हणतात. आज वापरात असलेल्या बहुतेक नियोजकांचा पूर्वज आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत 'सिस्टिम आर' या प्रकल्पात तयार झाला. पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ साली त्यावर निबंध वाचला.

त्यांची रीत हिशेबी होती. एकाच प्रश्नाकडे जाणाऱ्या अनेक वाटा लिहायच्या, प्रत्येक वाटेचा अंदाजे खर्च काढायचा आणि सर्वांत स्वस्त वाट धरायची. खर्च म्हणजे चकतीवरून किती पाने वाचावी लागतील, अधिक संगणकाला किती काम पडेल. त्यासाठी तक्त्यात किती ओळी आहेत, एखाद्या रकान्यात वेगवेगळ्या किती किमती आहेत, असे आकडे आधी गोळा करून ठेवलेले असत.

पोटप्रश्नाबद्दल मात्र सेलिंजर यांचा नियोजक साधाच होता. पोटप्रश्न स्वतंत्र असेल तर तो एकदाच सोडवायचा. परावलंबी असेल तर बाहेरच्या प्रत्येक ओळीसाठी पुन्हा सोडवायचा. त्याच निबंधात एक छोटी सूचनाही होती. बाहेरच्या ओळी क्रमाने लावलेल्या असतील आणि मागच्याच ओळीची किंमत पुन्हा आली, तर पोटप्रश्न पुन्हा सोडवू नये, आधीचेच उत्तर वापरावे. या सूचनेकडे आपण शेवटी परत येऊ.

ओळीमागून ओळ जाण्याची ही रीत किती महाग पडते? एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका तालुक्यात ३०० पाडे आहेत आणि वजनांच्या नोंदवहीत त्या महिन्याच्या १०,००० नोंदी आहेत. प्रत्येक पाड्यासाठी नोंदवही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली, तर ३०० गुणिले १०,००० म्हणजे ३० लाख नोंदी वाचाव्या लागतील. त्याऐवजी नोंदवही एकदाच वाचून पाडावार बेरजा मांडून ठेवल्या, तर १०,००० नोंदी आणि वर ३०० पाड्यांशी ताळा, एवढ्यात काम होते. हा फरक जवळजवळ तीनशे पटींचा आहे. त्या तरुणाकडे आलेली 'फार वेळ लागतो' ही तक्रार खोटी नव्हती.

किम यांची युक्ती आणि निसटलेले शून्य

सप्टेंबर १९८२ मध्ये, आय.बी.एम.च्या त्याच सॅन होजेच्या प्रयोगशाळेतील वॉन किम यांनी पोटप्रश्नांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पोटप्रश्नांचे पाच प्रकार पाडले आणि ते सपाट कसे करावेत, म्हणजे पोटातला प्रश्न बाहेर काढून दोन तक्त्यांच्या साध्या जोडणीत त्याचे रूपांतर कसे करावे, याचे नियम दिले. बेरीज, सरासरी, मोजणी असे काही आत असेल तर नियम असा होता: आतल्या तक्त्याची आधी गटवार बेरीज करून एक तात्पुरता तक्ता बनवा आणि मग तो बाहेरच्या तक्त्याशी जोडा. वर आपण '१०,००० अधिक ३००' असा जो हिशेब केला, तो याच रीतीचा.

आता आपल्या यादीचा प्रश्न घेऊ. समजा, चारच पाडे आहेत. त्यांना क, ख, ग, घ म्हणू.

क: पटावर मुले २०, वजनाच्या नोंदी १८
ख: पटावर मुले १५, वजनाच्या नोंदी ६
ग: पटावर मुले १२, वजनाच्या नोंदी एकही नाही
घ: पटावर मुले १४, वजनाच्या नोंदी ११

प्रश्न असा की, ज्या पाड्यांत वजनांची संख्या पटाच्या निम्म्याहून कमी आहे ते पाडे कोणते?

पहिल्या रीतीने जाऊ. क घेतला, नोंदवही चाळली, १८ आले. निम्मे १०, म्हणून क यादीत नाही. ख घेतला, ६ आले. निम्मे साडेसात, म्हणून ख यादीत. ग घेतला, नोंदवही चाळली, काहीच सापडले नाही, म्हणजे शून्य. निम्मे ६, म्हणून ग यादीत. घ घेतला, ११ आले. निम्मे ७, म्हणून घ नाही. उत्तर: ख आणि ग.

आता किम यांच्या रीतीने. आधी नोंदवही वाचून पाडावार संख्या मांडा. क समोर १८, ख समोर ६, घ समोर ११. ग चे काय? नोंदवहीत ग हे नावच कुठे नाही, तर त्याच्यासमोर आकडा मांडणार कोण? तात्पुरत्या तक्त्यात तीनच ओळी तयार झाल्या. मग हा तक्ता पाड्यांच्या तक्त्याशी जोडला. जोडणीत दोन्हीकडे असलेली नावेच टिकतात, म्हणून ग गळला. उत्तर: फक्त ख.

ज्याची सर्वांत जास्त काळजी करायला हवी, तोच पाडा गेला. आणि यंत्राने चूक झाल्याची कोणतीही खूण दाखवली नाही. यादी नीटनेटकी छापून आली.

ही चूक १९८५ साली स्टॉकहोम येथील परिषदेत जर्मन संशोधक वेर्नर कीसलिंग यांनी मांडली. आपल्या निबंधाच्या शीर्षकात त्यांनी अर्थाच्या खडकांचा उल्लेख केला. समुद्रात पाण्याखाली दडलेले खडक असतात तसे. वरून सारे शांत दिसते आणि जहाज मात्र फुटते. या चुकीला पुढे 'मोजणीची चूक' असेच नाव पडले आणि आजही डेटाबेसच्या उच्च अभ्यासक्रमांत ती शिकवली जाते.

येथे एक बारकावा विद्यार्थ्यांना सांगण्यासारखा आहे. पोटप्रश्नात सरासरी किंवा सर्वांत मोठी किंमत विचारली असती, तर किम यांच्या रीतीत हा घोटाळा झाला नसता. कारण एकही नोंद नसेल तर सरासरीच अस्तित्वात नसते. 'नसलेल्या' सरासरीशी केलेली तुलना खरी ठरत नाही, त्यामुळे तो पाडा पहिल्या रीतीनेही वगळलाच जातो आणि दुसऱ्या रीतीनेही. मोजणीचे तसे नाही. मोजायला काहीच नसले तरी मोजणीचे उत्तर असते, ते म्हणजे शून्य. 'काही नाही' आणि 'शून्य' यांतला हा भेद नियमातून निसटला.

चुकीची दुरुस्ती

१९८७ साली रिचर्ड गॅन्स्की आणि हॅरी वाँग यांनी उपाय सुचवला. जोडणी करताना पाड्यांच्या तक्त्यातील एकही ओळ गाळायची नाही. नोंदवहीत जोडीदार सापडला नाही, तर त्या ओळीपुढची जागा रिकामी ठेवायची, पण ओळ राखायची. हिला बाह्य जोडणी म्हणतात. हजेरीपटात गैरहजर मुलाचे नाव आपण खोडत नाही, त्याच्यापुढे फक्त खूण करतो, तसेच हे. ओळी राखून झाल्यावर मग मोजणी करायची.

तरीही एक खड्डा उरतो. ग पाड्याची ओळ आता राखली आहे, तिच्यापुढे वजनाची जागा रिकामी आहे. 'ग च्या ओळी किती?' असे विचारले तर उत्तर येईल १, कारण राखलेली ओळ आहेच. 'ग ची वजने किती?' असे विचारले तर उत्तर येईल शून्य. म्हणून ओळी मोजायच्या नाहीत, वजनाच्या रकान्यातले आकडे मोजायचे. आम्ही त्या तरुणाबरोबर बसून प्रश्न दुरुस्त केला, तेव्हा पहिल्या प्रयत्नात नेमकी हीच चूक झाली. ज्या पाड्यांत एकही वजन नव्हते तिथे यंत्राने १ दाखवला. शिक्षकांनीच ती पकडली. त्यांना तो पाडा माहीत होता.

त्याच १९८७ साली उमेश्वर दयाल यांनी विविध प्रकारचे पोटप्रश्न एकाच पद्धतीत बसवून दाखवले. पुढे १९९६ साली प्रवीण शेषाद्री, हमीद पिराहेश आणि क्लिफ लेउंग यांनी मधला मार्ग मांडला. बाहेरच्या प्रश्नाला ज्या पाड्यांची गरज आहे, त्यांचीच यादी आधी बनवायची, तीत एक नाव एकदाच ठेवायचे, तेवढ्यांसाठीच आतली मोजणी एकदम करायची आणि मग बाह्य जोडणीने ती परत जोडायची. सगळी नोंदवही उगाच मोजली जात नाही आणि शून्यही हरवत नाही. २०१५ साली म्युनिक येथील थॉमस नॉयमान आणि आल्फॉन्स केम्पर यांनी कोणताही परावलंबी पोटप्रश्न सपाट करता येईल अशी सर्वसाधारण रीत दिली.

नियोजकाशी वाटाघाटी

मग सपाट करणे हेच नेहमी चांगले का? तसे नाही. समजा, आपल्याला ३०० पैकी एकाच पाड्याची माहिती हवी आहे आणि नोंदवहीला पाड्यांच्या नावांची सूची आहे. सूचीवरून थेट त्या पाड्याच्या पानावर जाऊन तीस-चाळीस नोंदी मोजणे केव्हाही स्वस्त. त्यासाठी १०,००० नोंदींची गटवार बेरीज करणे म्हणजे एका मुलाची उंची हवी असताना साऱ्या शाळेला रांगेत उभे करणे. कोणती वाट बरी हे आकड्यांवर अवलंबून आहे. आकड्यांचा अंदाज चुकला की नियोजकाची वाटही चुकते. येथेच माणसाने नियोजकावर प्रभाव टाकण्याचा प्रश्न उभा राहतो.

या बाबतीत दोन परंपरा दिसतात. ओरॅकल या व्यापारी डेटाबेसने सूचना देण्याचा मार्ग धरला. प्रश्नातच विशिष्ट खुणांमध्ये 'हा पोटप्रश्न सपाट कर' किंवा 'हा सपाट करू नकोस' असे लिहिता येते. मायएस्क्यूएल या डेटाबेसमध्ये २०१३ च्या ५.६ या आवृत्तीपर्यंत काही प्रकारचे पोटप्रश्न फार संथ चालत. यादीत आहे का, असा साधा स्वतंत्र पोटप्रश्नही तिथे परावलंबी बनवून ओळीमागून ओळ सोडवला जाई. ती सुधारणा झाल्यावर पुढच्या ५.७ या आवृत्तीत पोटप्रश्न कसा सोडवावा हे सुचवण्याच्या खुणाही आल्या.

पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसने मात्र अशा खुणा मूळ रचनेत घेण्याचे टाळले. त्यांचे म्हणणे असे की, आज लिहिलेली सूचना उद्या तक्ते वाढल्यावर चुकीची ठरते, पण आज्ञावलीत तशीच पडून राहते. शिवाय माणसाने चूक झाकली की नियोजक सुधारण्याची निकड उरत नाही. या डेटाबेसमध्ये पोटप्रश्न विचारण्याची सोयच १९९८ साली ६.३ या आवृत्तीत आली. तरी गरज शक्कल शोधतेच. पोटप्रश्नाच्या शेवटी 'पहिल्या शून्य ओळी सोड' अशी निरर्थक दिसणारी अट घातली की नियोजक तो पोटप्रश्न बाहेरच्या प्रश्नात मिसळत नाही, हे जाणकारांना ठाऊक झाले. उत्तर बदलत नाही, वाट बदलते.

दुसरी शक्कल म्हणजे पोटप्रश्नाला नाव देऊन तो आधीच वेगळा लिहायचा. २००९ च्या ८.४ या आवृत्तीपासून ही सोय आहे. ११ व्या आवृत्तीपर्यंत असा नाव दिलेला प्रश्न नेहमी स्वतंत्रपणेच सोडवला जाई, जणू मध्ये कुंपण घातले आहे. अनेकांनी ते कुंपण मुद्दाम वापरले, अनेकांना ते नकळत नडले. २०१९ च्या १२ व्या आवृत्तीत हे बदलले. एकदाच वापरलेला साधा नामांकित प्रश्न आता नियोजक आपल्या बुद्धीने मिसळून टाकतो. कुंपण हवे असेल किंवा नको असेल, तर तसे स्पष्ट शब्दांत लिहिण्याची सोय दिली आहे. जे इतकी वर्षे आडवाटेने चालले होते, त्याला भाषेत अधिकृत शब्द मिळाला.

सर्वांत जुना आणि सर्वत्र चालणारा मार्ग तिसराच आहे. प्रश्न पुन्हा लिहिणे. नियोजकाला जे जमत नाही ते माणूस हाताने करतो, म्हणजे पोटप्रश्न स्वतःच सपाट करून देतो. जव्हारच्या त्या तरुणाने हेच केले होते. किम यांचा निबंध त्याने वाचलेला नव्हता. वेगाच्या मागे लागून तो त्याच वाटेने गेला आणि त्याच खडकावर आपटला. संशोधकाची चूक दुसऱ्या संशोधकाने तीन वर्षांत पकडली. कार्यालयातल्या यादीची चूक पकडायला कोण बसलेले असते?

पवईचे काम

या इतिहासातील एक अध्याय महाराष्ट्रातही लिहिला गेला आहे. मुंबईत पवई येथील आय.आय.टी.मध्ये प्रा. एस. सुदर्शन आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पोटप्रश्नांवर दीर्घकाळ काम केले. जगभर वापरल्या जाणाऱ्या डेटाबेसच्या एका पाठ्यपुस्तकाचे ते १९९७ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सहलेखक आहेत.

सगळेच पोटप्रश्न सपाट करणे परवडत नाही, तर ओळीमागून ओळ जाण्याची जुनी रीतच स्वस्त करता येईल का, असा प्रश्न रवींद्र गुरवन्नवर, रामानुजम आणि सुदर्शन यांनी २००५ सालच्या निबंधात घेतला. सेलिंजर यांची २६ वर्षांपूर्वीची ती छोटी सूचना आठवते? या संशोधकांनी तोच धागा पुढे नेला. बाहेरच्या ओळी नावांच्या क्रमाने घेतल्या आणि नोंदवहीही त्याच क्रमाने लावलेली असली, तर प्रत्येक पाड्यासाठी नोंदवही पहिल्या पानापासून उघडायची गरजच नाही. मागच्या पाड्याशी जिथे थांबलो तिथून पुढे सरकायचे. पाने फक्त पुढे उलटतात, मागे कधीच नाही. ३०० पाडे झाले तरी नोंदवही एकदाच वाचून होते. या रीतीत ग पाड्याला आपोआप शून्य मिळते, कारण आपण पाड्यांच्या यादीवरूनच चाललो आहोत. शिवाय हा क्रम लावण्याचा खर्च नियोजकाच्या हिशेबात कसा धरायचा, हेही त्यांनी दाखवले.

पुढे पोटप्रश्नाच्या जागी संपूर्ण आज्ञावलीचा तुकडा असला तर काय करावे, याकडे हा गट वळला. २०१४ साली गुरवन्नवर, कार्तिक रामचंद्र, सुदर्शन आणि सहकाऱ्यांनी असे तुकडेही सपाट करण्याची रीत मांडली. रामचंद्र यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये जाऊन सहकाऱ्यांसह 'फ्रॉइड' नावाची प्रणाली विकसित केली. २०१९ च्या एस.क्यू.एल. सर्व्हर या उत्पादनात ती समाविष्ट झाली. ज्यांनी पूर्वी हाताने प्रश्न पुन्हा लिहिले असते, त्यांचे ते काम काही बाबतीत यंत्राकडे गेले. यंत्राचे नियम सिद्ध करून, तपासून घेतलेले असतात. घाईत बसलेल्या माणसाचे तसे नसते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा भेद समजायला संगणक लागत नाही. शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव वही आणि वर्गाचा हजेरीपट घ्या. मुलांचे दोन गट करा. प्रश्न एकच: 'या महिन्यात ज्यांनी दोनपेक्षा कमी पुस्तके नेली, त्यांची नावे लिहा.'

पहिल्या गटाने हजेरीपटावरून एकेक नाव घ्यावे आणि दर नावासाठी देवघेव वही चाळावी. दुसऱ्या गटाने आधी देवघेव वहीवरून नावांपुढे रेघा मारून बेरजा कराव्यात आणि मग दोनपेक्षा कमी रेघा असलेली नावे निवडावीत. दोन्ही गटांची वेळ मोजा. दुसरा गट बराच आधी संपवेल. मग दोन्ही याद्या फळ्यावर शेजारी लिहा. एकही पुस्तक न नेलेली मुले पहिल्या यादीत असतील, दुसऱ्या यादीत नसतील. ती का गेली हे मुलांनाच शोधू द्या. नंतर दुसऱ्या गटाला विचारा, वेग न गमावता ती नावे परत कशी आणाल? बहुतेक वर्गांत कोणीतरी सुचवेल की आधी हजेरीपटावरची सगळी नावे लिहून घ्यावीत आणि मग रेघा माराव्यात. म्हणजे बाह्य जोडणी.

यादी हातात आली की आणखी एक सवय लावता येईल. आपल्याला पक्के माहीत असलेले एक शून्य तीत शोधायचे. त्या शिक्षकांनी तेच केले होते. दुरुस्तीनंतर निघालेल्या यादीत त्यांचा पाडा आला, त्याच्यापुढे शून्य होते, आणि त्याच्या वर-खाली असे आणखीही काही पाडे होते, ज्यांच्याबद्दल तोवर कोणी विचारले नव्हते.